बाबांनी मागे ठेवलेल्या पैशांवर टॅक्स लागतो का? गोव्यातल्या वारसांनी काय काय करायचं

बाबांच्या बाराव्याला पाहुणे जेवून उठल्यावर आमच्या आत्याने मला माजघरात बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "बाय, त्या बँकेतल्या पैशातलं सरकार किती घेणार गं?" मला तेव्हा उत्तर माहीत नव्हतं. त्यानंतर बाबांचे, मग मावशीकडचे, मग शेजारच्या काकूंचे असे तीन घरांचे कागद मी स्वतः हाताळले, बँका, मामलेदार कचेरी, सगळीकडे फिरले, त्यामुळे आज सांगू शकते. घरात नुकतंच कुणी गेलं असेल आणि हे सगळं पहिल्यांदाच अंगावर आलं असेल तर हा लेख तुमच्यासाठीच आहे, सावकाश वाचा, घाई कसलीच नाही.

सरळ उत्तर आधी देते. वारशाने आलेल्या रकमेवर भारतात टॅक्स नाही. शून्य. एफडी असो, सोनं असो, घर, कुळागर, शेअर, काहीही, ५० हजार असोत नाहीतर ५ कोटी. मृत्युपत्राने आलेलं असो की मृत्युपत्र नसताना कायद्याने आलेलं, दोन्हीला तेच. पण, आणि हा पण मोठा आहे, माणूस गेल्याच्या दिवसापर्यंत त्याने जे कमावलं त्याचा टॅक्स त्याचाच असतो आणि तो वारसांनी त्याच्या वतीने भरायचा असतो, त्या दिवसानंतर त्याच पैशावर जे व्याज, भाडं येईल ते वारसांचं उत्पन्न, आणि पुढे कधी ती वस्तू विकली तर नफ्यावर वेगळा टॅक्स. म्हणजे सगळा हिशोब मृत्यूच्या तारखेवर उभा आहे. वहीच्या पहिल्या पानावर ती तारीख मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पुढे प्रत्येक कागद हातात घेतला की एकच विचारायचं, हे त्या तारखेच्या आधीचं की नंतरचं?

लोक घाबरतात त्याला कारण आहे. आपल्याकडे खरोखरच असा कर होता. १९५३ चा इस्टेट ड्युटीचा कायदा, त्यात वरचा दर चक्क ८५ टक्क्यांपर्यंत गेला होता, तो १९८५ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग अर्थमंत्री असताना बंद झाला. जुन्या लोकांच्या डोक्यात तो अजून आहे. मग २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी अमेरिकेतल्या वारसा करावरून बरीच चर्चा झाली आणि व्हॉट्सअॅपवर कायकाय फिरलं, त्यातून अनेकांना वाटतं की इथेही लागू झाला. नाही झाला. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय, कलमांचे नंबर बदललेत, म्हणून तुमचा सीए वेगळे नंबर सांगेल, मी खाली जुन्या कायद्याचे सांगतेय कारण लोक अजून तेच बोलतात, पण वारशाच्या रकमेवर टॅक्स नाही हे तसंच आहे.

पायरी १ : दाखला आणि यादी

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची, गावात पंचायतीत, शहरात पालिकेत. दाखल्याच्या प्रती भरपूर घ्या, आम्ही ५ घेतल्या आणि कमी पडल्या. नावाचं स्पेलिंग दाखल्यावर आणि पॅनवर एकच आहे ना तिथेच उभं राहून बघा. गोव्यात पोर्तुगीज काळातल्या कागदांवर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं हे घरोघरी आहे आणि नंतर त्यासाठी अॅफिडेव्हिट करत बसावं लागतं.

मग यादी. बँक खाती, एफडी, पोस्ट, विमा, पीएफ, शेअर, जमीन, घर, सोनं, आणि देणीसुद्धा. बाबांच्या कपाटात आम्हाला एक जुनी एफडीची पावती कॅलेंडरच्या मागे पिनेने लावलेली मिळाली, म्हणून म्हणते, प्रत्येक पिशवी उघडा. काही खाती विस्मरणात गेली असतील अशी शंका असेल तर रिझर्व्ह बँकेचं उद्गम नावाचं पोर्टल आहे, २०२३ ला सुरू झालं, त्यावर नाव आणि पॅन टाकून शोधता येतं. १० वर्षं हात न लावलेले पैसे बँक रिझर्व्ह बँकेच्या फंडात पाठवते, पण ते बुडत नाहीत, वारसाला परत मागता येतात.

पायरी २ : गोव्यात अर्धं मुळात वारसा नाहीच

ही गोष्ट बाहेरच्या मार्गदर्शनात तुम्हाला मिळणार नाही आणि पुण्या-मुंबईचा सीएसुद्धा बऱ्याचदा विसरतो. आपल्याकडे लग्न रजिस्टर करताना वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता सामाईक असते, निम्मी-निम्मी, कुणाच्या नावावर आहे त्याला महत्त्व नाही. हे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलंय, आता वारशासाठी गोव्याचा स्वतःचा २०१२ चा कायदा आहे जो २०१६ च्या सप्टेंबरपासून लागू झाला. म्हणून बाबा गेले तेव्हा त्यांच्या नावावरच्या १२ लाखांतले ६ लाख आईचेच होते, ते तिला वारशाने मिळाले नाहीत, ते आधीपासून तिचे. वारसा फक्त उरलेल्या ६ लाखांचा आणि तो आम्हा दोघा मुलांचा, दादाचे ३, माझे ३. मुलगी म्हणून मला कमी नाही, लग्न झालंय म्हणूनही नाही. आणि मृत्युपत्र असतं तरी बाबांना त्यांच्या निम्म्यातलं निम्मंच मनाप्रमाणे देता आलं असतं, बाकीचं मुलांचं राखीवच.

दुसरी बाजू पण समजून घ्या. माझे ३ लाख माझे एकटीचे नाहीत, माझं लग्नही त्याच पद्धतीचं, म्हणून वारशाने आलेलंही सामाईकात जातं आणि त्यात माझ्या नवऱ्याचा निम्मा वाटा. म्हणूनच गोव्यात जमीन विकताना जावयांच्या आणि सुनांच्या सह्या लागतात. बरेच लोक यावरून भांडतात, "त्याचा काय संबंध" म्हणून, पण संबंध आहे.

आणि गोवेकराची मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी वाटणी गोव्याच्याच कायद्याने होते, सुप्रीम कोर्टाने २०१९ ला तसं स्पष्ट सांगितलंय. मुंबईला फ्लॅट आहे म्हणून तिथला नियम लावू असं चालत नाही.

याचा टॅक्सशी संबंध असा की आयकर कायद्यात खास आपल्यासाठी कलम ५ए आहे. पगार सोडून बाकी सगळं उत्पन्न, व्याज, भाडं, विक्रीचा नफा, नवरा-बायकोच्या रिटर्नमध्ये निम्मं-निम्मं दाखवायचं. पगार ज्याचा त्याचा. जे हे करत नाहीत त्यांना एकाच्याच नावावर जास्त टॅक्स पडतो किंवा नंतर नोटीस येते. ५ए लागू असेल तर आयटीआर-१, म्हणजे रिटर्नचा १ नंबरचा साधा फॉर्म, चालत नाही हे पण लक्षात ठेवा, २ नंबरचा भरावा लागतो, त्यात ५ए चं वेगळं शेड्यूल असतं आणि तिथे जोडीदाराचा पॅन लागतो. मला नोकरी लागल्यापासून मी सरळ १ नंबरचा भरत होते, कुणी सांगितलंच नव्हतं.

पायरी ३ : तुम्हीच वारस आहात हे दाखवणारा कागद

बाहेर लोक सक्सेशन सर्टिफिकेट म्हणतात. आपल्याकडे साधा, भांडण नसलेला मामला असेल तर स्पेशल नोटरीसमोर, म्हणजे सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात, डीड ऑफ सक्सेशन करतात, त्यात वारस कोण कोण, कुणाचं लग्न कुणाशी, सगळं येतं आणि ते सरकारी राजपत्रात जाहीर होतं. वाटणी करायची असेल, किंवा पटत नसेल, तर कोर्टात इन्व्हेंटरी. इन्व्हेंटरीत सगळ्या मालमत्तेची यादी आणि किंमत लागते, वारसांमध्ये बोलीसुद्धा होते. जमिनीसाठी नंतर मामलेदाराकडे म्युटेशन, एक-चौदाच्या उताऱ्यावर नावं चढवायला, आणि पंचायतीत घरपट्टीला नाव. याला जी फी लागते तो टॅक्स नव्हे, लोक दोन्ही एकत्र करून "बघ, लागलाच ना टॅक्स" म्हणतात.

नॉमिनीबद्दल एक वाक्य, कारण यावरूनच जास्त मनं दुखावतात. बँकेच्या खात्यात नॉमिनी म्हणजे बँकेने पैसे कुणाच्या हातात द्यायचे तो माणूस, मालक नव्हे. त्याने ते वारसांना द्यायचे असतात. म्हणून व्याजावरचा टॅक्ससुद्धा नॉमिनीच्या डोक्यावर आपोआप बसत नाही, ज्याचा वाटा त्याचा टॅक्स.

पायरी ४ : बँक

इथे जरा थांबून सांगते, कारण आमची खरी गाडी इथे अडली.

बाबा ९ नोव्हेंबर २०२१ ला गेले. १२ लाखांची एफडी, हिशोबाला सोपं म्हणून ६ टक्के व्याज धरू, वर्षाला ७२,०००. आम्ही दाखला घेऊन बँकेत गेलो, काऊंटरवरच्या माणसाने दाखल्याची झेरॉक्स घेतली, फाईलला लावली आणि म्हणाला एफडी मार्चला मॅच्युअर होतेय तेव्हाच बघू. आम्हीही ऐकलं. लेखी काही घेतलं नाही. एफडी आपोआप रिन्यू झाली, आणि टीडीएस, म्हणजे बँक व्याज देतानाच कापून घेते तो टॅक्स, कापला जात राहिला बाबांच्याच पॅनवर, माणूस जाऊन सव्वा वर्ष झालं तरी. आई पासबुक भरून आणायची आणि त्या टीडीएसच्या ओळीवर पेन्सिलीने खूण करून ठेवायची, "हे कुणाचे कापले गं?" एवढंच विचारायची. मला आजही वाटतं की त्या दिवशी तिथेच एक अर्ज लिहून शिक्का घेतला असता तर तिला हे बघावं लागलं नसतं.

म्हणून बँकेत गेलात की तीन गोष्टी लेखी मागा आणि पोचेवर शिक्का घ्या. एक, खातेदार अमुक तारखेला वारले, यापुढे त्यांच्या पॅनवर टीडीएस कापू नये. दोन, व्याजाचं सर्टिफिकेट दोन तुकड्यांत, १ एप्रिल ते मृत्यूची तारीख आणि दुसऱ्या दिवसापासून ३१ मार्च. तीन, पुढचं व्याज कुणाच्या नावे किती ते आणि त्यांचे पॅन. टॅक्स बसतच नसेल तर टीडीएस कापू नका असा जो फॉर्म आपण १५जी, १५एच म्हणून ओळखतो तो आधीच्या माणसाने दिलेला असला तरी आता नव्याने द्यावा लागतो. आता टीडीएस कापायची मर्यादा एका बँकेत वर्षाला ५० हजार व्याज, ज्येष्ठांना १ लाख.

आमचा हिशोब असा पडला. १ एप्रिल ते ९ नोव्हेंबर २२३ दिवस, म्हणजे ४३,९८९ रुपये व्याज बाबांच्या हयातीतलं. ते पूर्ण बाबांचंही नाही, ५ए ने निम्मं त्यांच्या रिटर्नमध्ये आणि निम्मं आईच्या, साधारण २१,९९५ प्रत्येकी. उरलेले २८,०११ रुपये मृत्यूनंतरचे. त्यातले निम्मे १४ हजार आईचे, उरलेल्या १४ हजारात दादा ७ आणि मी ७, आणि माझे ७ पुन्हा मी आणि नवरा साडेतीन-साडेतीन हजार. एका एफडीचं व्याज पाच माणसांच्या रिटर्नमध्ये जातं, ऐकायला विचित्र वाटतं पण कागदावर एकदा तक्ता आखला की अर्ध्या तासाचं काम आहे, आणि एवढं विभागल्यावर बहुतेक घरात कुणालाच टॅक्स बसत नाही कारण आता नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या साध्या उत्पन्नावर टॅक्स येत नाही.

चुकीच्या पॅनवर टीडीएस कापला गेलाच असेल तर तो बुडाला असं समजू नका. रिटर्नच्या टीडीएस शेड्यूलमध्ये "स्वतः की इतर व्यक्ती" असं विचारतात, तिथे दुसऱ्याच्या पॅनवरचं क्रेडिट घेता येतं, ५ए मधला जोडीदारही त्यातच येतो. मात्र दोन्हीकडे आकडे जुळले पाहिजेत.

नव्याने जाणाऱ्यांना एक दिलासा, २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम सोपे केलेत. कागद पूर्ण दिल्यावर १५ दिवसांत पैसे द्यायचे, आणि नॉमिनी नसला तरी १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत, कोर्टाचा कागद न मागता. हे काऊंटरवर नम्रपणे पण ठामपणे सांगा.

पायरी ५ : गेलेल्या माणसाचा शेवटचा रिटर्न

इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनने जाऊन "रिप्रेझेंटेटिव्ह" म्हणून नोंदणी करायची. लागतं काय, मृत्यूचा दाखला, त्यांचा पॅन, तुमचा पॅन, तुम्ही वारस असल्याचा कागद आणि एक इन्डेम्निटी लेटर, म्हणजे नुकसान झालं तर भरून देईन अशी लेखी हमी. वारसाचा कागद म्हणून रजिस्टर केलेलं मृत्युपत्र, हयात कुटुंबीयांचा दाखला, फॅमिली पेन्शनचा कागद हे पण चालतात. मंजुरी आली की त्यांच्या नावाने रिटर्न भरता येतो, १ एप्रिलपासून मृत्यूच्या तारखेपर्यंतचं उत्पन्न त्यात, मुदत नेहमीचीच म्हणजे आपल्यासारख्या साध्या लोकांना ३१ जुलै. त्यांना रिफंड असेल तर तो पण यातूनच येतो आणि त्यासाठी बँक खातं वारसाचं देता येतं. आधीच्या वर्षीचा रिटर्न राहिला असेल तर तोही बघा.

त्यांचा जुना टॅक्स निघाला तर? वारस जबाबदार आहे, पण फक्त जेवढं वारशात मिळालं तेवढ्यापर्यंत. बाबांची थकबाकी ५ लाख आणि मागे ठेवलं २ लाख, तर तुमच्या पगारातून उरलेले ३ कुणी मागू शकत नाही. पण आधी मालमत्ता विकून टाकली, वाटून टाकली आणि मग थकबाकी निघाली तर तेवढ्यापुरते तुम्ही अडकता, म्हणून वाटपाआधी पोर्टलवर त्यांच्या नावाच्या जुन्या डिमांड बघून घ्या.

कशावर आहे, कशावर नाही, पटकन

विम्याची मृत्यूनंतर मिळालेली रक्कम, नाही. पीएफ वारसाला मिळाला, नाही. पीपीएफ, नाही, फक्त ते खातं वारसाला पुढे चालवता येत नाही, बंद करून पैसे घ्या. सोनं मिळालं, नाही. शेअर आणि म्युच्युअल फंड नावावर झाले, नाही, त्याला ट्रान्समिशन म्हणतात, ती विक्री नाही.

फॅमिली पेन्शनवर मात्र आहे आणि इथे खूप जण चुकतात. बाबांची पेन्शन पगाराच्या सदरात जायची, आईला जी फॅमिली पेन्शन मिळते ती "इतर उत्पन्न" या सदरात जाते. नव्या पद्धतीत त्यातून एक तृतीयांश किंवा २५ हजार, जे कमी ते वजा होतं. समजा महिना २४ हजार, वर्षाचे २ लाख ८८ हजार, २५ हजार वजा, २ लाख ६३ हजार. टॅक्स शून्यच येतो, पण एफडीचं व्याज, भाडं सगळं मिळून ४ लाखांच्या वर गेलं तर टॅक्स शून्य असला तरी रिटर्न भरायचा.

वारशाची रक्कम अज्ञान मुलाच्या नावे आली तर मूळ रकमेवर काही नाही, पण तिचं व्याज आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवतात.

आणि मृत्युपत्र आणि भेट यातला फरक. चुलत भाऊ हा इन्कम टॅक्सच्या भेटीच्या व्याख्येत "नातेवाईक" धरत नाहीत. त्याने हयातीत तुम्हाला २ लाख दिले तर पूर्ण २ लाखांवर टॅक्स, कारण नातेवाईक नसलेल्याकडून वर्षाला ५० हजारांच्या वर गेलं की सगळंच धरतात. तेच २ लाख त्याने मृत्युपत्रात लिहिले तर टॅक्स नाही. वर्षानुवर्षं आजीची सेवा करणाऱ्या बाईंना कुणी काही देऊ इच्छित असेल तर त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं, मृत्युपत्रातून परक्या माणसालाही टॅक्सविना मिळतं.

विकायचं ठरलं तर

इथे खरा टॅक्स आहे. घर, प्लॉट, सोनं वारशाने आलं तेव्हा तुमची खरेदी किंमत शून्य धरत नाहीत आणि त्या दिवसाचा बाजारभावही धरत नाहीत, ज्याने मूळ पैसे देऊन घेतलं त्याची किंमत धरतात. आणि ते १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर २००१ ची किंमत घ्यायची मुभा आहे. किती वर्षं ठेवलं हे मोजतानाही मूळ मालकाची वर्षं धरतात, म्हणून वारशाची जमीन बहुतेक वेळा लाँग टर्म, म्हणजे दीर्घ मुदतीचीच असते.

मावशीच्या घरचं सांगते, आकडे गोल केलेत. तिच्या यजमानांनी १९८८ ला म्हापशाजवळ एक प्लॉट ३० हजारांना घेतलेला. ते २०१९ ला गेले. २०२५-२६ मध्ये प्लॉट ५० लाखांना विकला. २००१ ची किंमत रजिस्टर्ड व्हॅल्युअरने ३ लाख काढून दिली, आणि ती त्या वेळच्या सरकारी दरापेक्षा जास्त दाखवता येत नाही म्हणून त्याच्याकडून तसा रिपोर्टच घ्यावा. आता दोन वाटा. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या जमीन-घरासाठी इथे राहणाऱ्या माणसाला निवड आहे, महागाई न धरता १२.५ टक्के किंवा धरून २० टक्के. पहिल्याने ५० वजा ३, ४७ लाख नफा, टॅक्स ५ लाख ८७ हजार ५००. दुसऱ्याने महागाईचा आकडा १०० चा झाला ३७६, म्हणजे ३ लाखांचे झाले ११ लाख २८ हजार, नफा ३८ लाख ७२ हजार, टॅक्स ७ लाख ७४ हजार ४००. पहिलाच बरा. वर ४ टक्के सेस. दोन्ही मांडून बघा, प्रत्येक जमिनीचं वेगळं निघतं.

आणि तो टॅक्स एका माणसावर नाही पडत. ४७ लाखांतले साडेतेवीस मावशीचे. मुलगा आणि मुलगी पावणेबारा-पावणेबारा लाख, त्यातला मावसभाऊ लग्न झालेला म्हणून त्याचे पावणेबारा त्याच्या आणि वहिनीच्या रिटर्नमध्ये निम्मे-निम्मे. सुरुवातीला मावसभाऊ म्हणत होता सगळं आईच्याच नावे दाखवू, सोपं पडेल. तसं करू नका. गिऱ्हाईक १ टक्का टीडीएस कापतो, ५० लाख आणि वरच्या व्यवहारात, तो प्रत्येक विकणाऱ्याच्या पॅनवर वाटून कापायला सांगा, म्हणजे आकडे पहिल्यापासून जुळतात.

एक सापळा आहे. "१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही ना, माझे तर पावणेबाराच" असं मावसबहीण म्हणाली. ती सूट या नफ्याला लागू नाही. बाकी उत्पन्न काहीच नसेल तर ४ लाखांची मूळ सूट मात्र या नफ्यातून वजा करता येते.

टॅक्स वाचवायचे सरळ मार्ग आहेत. घर विकून २ वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा ३ वर्षांत बांधलं तर सूट, प्लॉट विकला असेल तर त्याच मुदतीत विक्रीची पूर्ण रक्कम घरात घालायची, किंवा ६ महिन्यांत सरकारी बाँड, ५० लाखांपर्यंत. पैसे चेकने, बँकेतूनच घ्या, जमिनीच्या व्यवहारात २० हजार आणि त्यावर रोख घेणं कायद्याने बंद आहे.

कुळागर किंवा शेत असेल तर वेगळं. सुपारी-नारळाचं उत्पन्न शेतीचं, त्यावर टॅक्स नाही. आणि ग्रामीण शेतजमीन विकली तर नफ्यावरही नाही, पण ग्रामीण म्हणजे काय ते मोजतात, १० हजारांच्या वर १ लाखापर्यंत लोकसंख्येच्या पालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत २ किमीच्या बाहेर. गोवा लहान, गावं पालिकांना चिकटलेली, त्यामुळे आमच्या सावईवेऱ्याचं कुळागर सुटतं पण फोंडा शहराला लागून असलेलं भाट सुटेलच असं नाही. अंतराचा दाखला आधी काढा. भातशेत असेल तर बिगरशेतकऱ्याला विकण्यावर गोव्यात २०२३ पासून निर्बंध आहेत, टॅक्सच्या आधी तेच वकिलाला विचारा.

घरातलं कुणी बाहेर असेल तर

गोव्यात असं घर विरळा ज्यातलं कुणी लिस्बन, लंडन, स्विंडनला नाही. बाहेर राहणाऱ्या वारसालाही इथला वारसा टॅक्सविनाच मिळतो. विकलं तर मात्र त्याच्या वाट्यावर १ टक्का नव्हे, बराच जास्त टीडीएस कापतात, म्हणून कमी कापायचं सर्टिफिकेट इन्कम टॅक्समधून विक्रीच्या आधी काढायचं, नंतर रिफंडची वाट बघण्यापेक्षा ते बरं. पैसे एनआरओ खात्यातून, म्हणजे बाहेर राहणाऱ्यांच्या इथल्या बँक खात्यातून, बाहेर नेता येतात, वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत, सीएच्या सर्टिफिकेटवर.

उलटं, म्हणजे बाहेर राहणारी व्यक्ती गेली आणि तिचं तिथलं घर, पैसे तुम्हाला आले, तर त्या देशाचा कर असू शकतो. इंग्लंडमध्ये ३ लाख २५ हजार पौंडांच्या वरच्या इस्टेटवर ४० टक्के, नवरा-बायकोला सूट, आणि राहतं घर मुलांना दिलं तर मर्यादा वाढते. पोर्तुगालमध्ये नवरा-बायको, मुलं, आई-वडील यांना नाही, बाकीच्यांना १० टक्के स्टॅम्प ड्युटी. तो तिथेच भरून उरलेलं इथे येतं, आणि इथे आल्यावर त्यावर परत टॅक्स नाही.

शेवटची पायरी : पॅन

सगळे रिटर्न भरून, रिफंड येऊन, खाती बंद झाल्यावरच गेलेल्या माणसाचा पॅन सरेंडर करायचा, आधी नाही. असेसिंग ऑफिसरला, म्हणजे त्यांचे रिटर्न बघणाऱ्या इन्कम टॅक्स अधिकाऱ्याला, अर्ज, सोबत दाखला आणि पॅनची प्रत. आम्ही बाबांचा पॅन लगेच रद्द करायला निघालो होतो, एका ओळखीच्या वकिलांनी थांबवलं, नाहीतर तो अडकलेला टीडीएस सोडवता आला नसता.

आणि एक फाईल कायम ठेवा, दाखला, डीड ऑफ सक्सेशन, बँकेचं दोन तुकड्यांतलं व्याजाचं सर्टिफिकेट, मूळ खरेदीखत, २००१ चा व्हॅल्युअरचा रिपोर्ट आणि कुणाला किती गेलं तो तक्ता. खात्यात एकदम मोठी रक्कम आली की इन्कम टॅक्सकडून "हे पैसे कुठले" असं विचारणारा मेसेज येऊ शकतो, तेव्हा हेच कागद पोर्टलवर चढवायचे. आमच्या फाईलमध्ये आईने पेन्सिलीने खुणा केलेल्या त्या पासबुकाची झेरॉक्सही आहे, टीडीएसच्या प्रत्येक ओळीसमोर आता मी पेनने लिहिलंय कुणाचा किती आणि कधी परत आला.